कॉलनीच्या खुल्या जागेत मुलांना लॉन कशाला? (सांगली)

कृष्णाकाठची
कालच्या पोस्टमध्ये एकांनी लिहिलंय, "मुलांची बाग म्हणजे लॉन, घसरगुंडी, पेव्हिंग ब्लॉक. चिखल-झुडपांचे लाड नकोत." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

लॉनवर पोरांनी बघायचं काय? त्याऐवजी कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता लावा. कोवळ्या पानावर फुलपाखराचं मोहरीएवढं अंडं सापडतं. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली की डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदा हे बघितलेलं पोर दुसऱ्या दिवशी घरच्यांना ओढत आणणार. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच जातीची पानं खातात. 'कडवा' नावाच्या फुलपाखरांच्या अळ्यांसाठी रुई लावा. मातीचा ढीग, पोरांच्या हाताला येईल असा नळ, पाण्याचं उथळ टाकं आणि आजी-आजोबांना सावलीत कट्टा. पाट्या कमीत कमी. औषध मात्र फवारायचं नाही, नाहीतर अळीच राहणार नाही.

गावभागातला
वाचायला छान आहे. मे महिन्यात पाणी कोण घालणार? मागे लावलेली रोपं वाळली, ट्री गार्ड तेवढे उरले. टाक्यात डास होणार, डेंग्यू आम्ही भोगायचा. आणि झुडपं म्हणजे साप. 2019 च्या पुरानंतर आमच्या जिन्यात घोणस निघाली होती. कुणाच्या तोंडचं नाही, मी बघितलेलं सांगतोय.

शिराळकर
साप झुडपानं येत नाही भाऊ, उंदरानं येतो. खुल्या जागेच्या मागं हॉटेलचं खरकटं पडतंय, त्यावर कुणी बोलत नाही. धामण दिसली की काठी घेऊन धावायचं, मग उंदीर वाढले म्हणून ओरडायचं. आमच्याकडं बारकी पोरंसुद्धा धामण आणि नाग ओळखतात.

गावभागातला
शिराळ्याचं कौतुक पुरे. तिथल्या नागपंचमीच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर उच्च न्यायालयानं बंदी घातली ती उगीच?

शिराळकर
बंदी नागाच्या रक्षणासाठी आली, 1972 च्या वन्यजीव कायद्यावरून. नाग माणसाला त्रास देतो म्हणून नाही. अर्धवट माहितीवर आमच्या गावाला नावं ठेवू नका.

गावभागातला
गावाला कोण बोललं? माझी चार वर्षांची नात तिथं खेळणार आहे. तिनं घोणस ओळखून बाजूला व्हायचं का?

मिरजेची ताई
दोघं थांबा आता. सापावर भांडताय, झाडांकडं बघा की. माझ्या भाच्यानं बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया चघळल्या होत्या. रात्रभर दवाखान्यात त्याच्या हृदयाच्या ठोक्यांकडं बघत बसलो. ते झाडही एका बागेतच होतं, शोभेला लावलेलं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं, ते लिहिणाऱ्यांना माहीत आहे ना?

कृष्णाकाठची
माहीत आहे ताई. रुई कुंपणाच्या पलीकडं, पोरांचा हात पोचणार नाही तिथं. कण्हेर कुठलीच नको, घाणेरीही नको. टाकं आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून, घासून कोरडं ठेवायचं. घरी कोरडा दिवस पाळतो तसाच. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. मे महिन्याचं दादा बरोबर बोलले. म्हणून सगळी जागा एकदम लावायची नाही. पहिल्या पावसात एकच कोपरा, आणि प्रत्येक घराची पाणी घालायची पाळी कागदावर लिहून.

गावभागातला
लिंबू, कढीपत्ता चालेल. टाकं नको म्हणजे नको. घसरगुंडी राहिली पाहिजे, आणि झुडपाखाली दोन फूट मोकळं दिसलं पाहिजे.

शिराळकर
आणि खरकटं?

गावभागातला
हॉटेलवाल्याशी मी बोलतो. पण सोबत चार माणसं या, एकट्याचं तो ऐकत नाही.