मुलासाठी घोडी घ्यायची आहे, महिन्याचा खरा खर्च किती येतो?

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. बेळगावजवळ येळ्ळूरला घर, दोन एकर रान, दोन म्हशी. मी उद्यमबागेत कामाला आहे, सकाळी आठला निघतो, परत यायला सात वाजतात. यंदाच्या शिवजयंतीला चित्ररथ मिरवणुकीत पोराला (वय ११) बाल शिवाजी करून घोडीवर बसवलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलंय. मोबाईल सोडून जनावरात रमला तर चांगलंच आहे.

पाहुण्यांच्या ओळखीत एक काठेवाडी घोडी विकायला आहे, अकलूजच्या बाजारातून आणलेली. वय सहा सांगतात. ८० हजार म्हणतात, ७० ला देतील. पैसे बाजूला काढून ठेवलेत.

गोठ्यात म्हशींशेजारी एक दावण रिकामी आहे, तिथं बांधली तर चालेल का? उसाचं वाडं (शेंड्याचा पाला), कडबा, गोळीपेंड घरात असतंच. म्हशीपेक्षा घोडीला जास्तीचं काय लागतं? लग्नसराईत भाड्यानं दिली तर खर्च निघून जाईल असं मित्र म्हणतो. ज्यांच्या दारात घोडा आहे त्यांनी खरं काय ते सांगावं.

गणेशपूर_बॉय

घ्या की हो, एवढा काय विचार करूलालाय? आमच्याकडला एक जण सकाळी घोडी सोडून देतोय, दिवसभर फिरून चरून संध्याकाळी आपली आपण घरला येतीय. खर्च काय नाही. वरातीचे पैसे वेगळेच मिळूलालेत त्याला.

टांगेवाल्याची_लेक

येळ्ळूरकर दादा, माझ्या वडिलांचा बेळगावात टांगा होता. रिक्षा वाढल्या तसा टांगा बंद पडला, पण घोडी दारातून गेली नाहीत. आज माझ्याकडं दोन घोड्या आहेत, वरातीला जातात. दाणापाणी, खरारा (ब्रशनं अंग घासणं), लीद काढणं सगळं मी आणि धाकटा भाऊ मिळून करतो. त्यामुळं खाली लिहिलेलं सगळं रोजच्या कामातलं आहे. जरा लांबेल, पण वाचा.

आधी त्या रिकाम्या दावणीचं. म्हैस रवंथ करणारं जनावर, चार कप्प्यांचं पोट, दोन वेळा पोटभर टाकलं की बसून चघळत राहते. घोडीचं पोट अंगाच्या मानानं फार लहान, ८ ते १५ लिटरचं. ती दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं खात राहायला जन्माला आलेली आहे. आणि तिला ओकता येत नाही. एकदा चुकीचं पोटात गेलं की ते आतड्यातूनच पुढं जायला हवं, दुसरी वाट नाही. घोड्याच्या खाण्यातले निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात.

तुमच्या घरात जे आहे त्याचं एकेक सांगते. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जंतू त्यातलं बरंच फोडतात, घोडीला ते जमत नाही. हत्ती गवताचंही तेच. त्यात कोणी ताकद येईल म्हणून रोज पाटीभर गव्हाचा कोंडा घालू लागलं तर कोंड्यातलं फॉस्फरस आणखी भर घालतं. महिनोन्महिने असं चाललं की हाडं ठिसूळ होतात, जनावर पाय बदलून बदलून लंगडतं, तोंडाची हाडं सुजून चेहरा जाड दिसायला लागतो. आपल्या ऊसपट्ट्यात वाडं फुकटात मिळतं, म्हणून हा धोका इथं जास्त.

गोळीपेंडीबद्दल तर हात जोडून सांगते. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. म्हशीला, कोंबडीला ते चालतं. घोड्याचं हृदय त्यानं निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. म्हशीची बादली घोडीपुढं सरकवायची नाही, उरलंसुरलंसुद्धा नाही. म्हणून तिची जागा वेगळी हवी, खाद्याची पिंपंही वेगळी हवीत. बुरशी धरलेला मका तसाच. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं, जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं आणि एक-दोन दिवसांत संपतं. आपल्याकडं मक्याची पोती पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा मी मका घालतच नाही. हिरवी ज्वारीही नको. वाळलेला शाळूचा कडबा कुट्टी करून चालतो, त्याबरोबर चांगलं वाळलेलं गवत. दाण्याला भिजवलेला हरभरा, शिजवलेले हुलगे, थोडा जव. मीठ रोज. दाणा एका वेळी थोडाच. घोडं दाण्याच्या पोत्याला तोंड घालून भरपूर खाऊन बसलं तर पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतला भाग सुजून ते कायमचं पायातून जातं.

आता पैसे. साडेतीनशे किलोच्या घोडीला वाळली वैरण ६-७ किलो आणि दाणा २-३ किलो धरा. सध्याच्या भावानं माझ्याकडं एका घोडीचं खाणं दिवसाला २०० ते २५० रुपये पडतं, म्हणजे महिन्याला ६ ते साडेसात हजार. तुमचं रान आहे, वैरण घरची असेल तर दीड-दोन हजार कमी होतील. नाल, जंताचं औषध, लस, दोर, मोहरकी, अंथरायचं भुस्कट असं सगळं वर्षाचं धरून बारानं भागलं तर महिन्याला आणखी दोन हजार. ही आजारी न पडलेल्या घोडीची बेरीज. आजारपणाची रक्कम मला सांगता येणार नाही. २० हजार वेगळे ठेवून द्या आणि त्यांना हात लावू नका.

पण दादा, तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते पैशाचं नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात तुम्ही घरात नसणार. मग घोडीला माणूस कोण? पोरगं शाळेत. घरात वडीलधारे असतील, त्यांच्या अंगात बळ किती? तिला दिवसाला २५-३० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. १५ किलोच्या आसपास लीद निघते, ती दोन वेळा उचलायची. सकाळी खरारा, प्रत्येक पाय उचलून खूर कोरून काढायचं, आणि रोज फिरवायचं, पाऊस असला तरी. दिवसभर बांधून ठेवलेलं घोडं दावणीचं लाकूड कुरतडतं, झुलत राहतं आणि आठवड्यानं सोडलं की कुणाच्या हाताला ऐकत नाही. तुमचं पोरगं रविवारी त्याच घोडीवर बसणार. मोतद्दार (घोडा सांभाळणारा गडी) ठेवायचा तर १०-१२ हजारांच्या खाली कोणी येत नाही, आणि घोड्याची सवय असलेला माणूस शोधणं हे पगारापेक्षा अवघड.

नालबंदाचंही आधी बघून ठेवा. बैलांना पत्री (बैलाची नाल) मारणारे आपल्या भागात अजून आहेत. पण बैलाला पाडून पत्री मारतात, घोड्याला उभं ठेवून नाल मारतात, आणि खूर एका कोनात तासावं लागतं. ते चुकलं की घोडी लंगडते. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायलाच लागतं, नाल असो नसो. आमचा नालबंद म्हातारा झालाय, मुलं त्या कामात नाहीत. तुमच्यासाठी कोण येणार हे नाव आणि फोनसकट माहीत असल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तसंच डॉक्टर. १९६२ ला फोन केला तर सरकारी पशुवैद्यकीय गाडी येते, डॉक्टर मंडळी मनापासून काम करतात. पण त्यांचा रोजचा हात गायी-म्हशींवर बसलेला. घोडीला शिरेतून सुई देणारे, नाकातून पोटात नळी घालणारे मोजके. पोटशूळ बहुतेक रात्री कळतो. घोडी पोटाकडं वळून बघते, पुढचा पाय खरडते, घाम फुटतो, लोळते, लीद बंद होते. तेव्हा चारा काढून घ्यायचा, हळूहळू चालवत राहायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. तोंडातून बळंच तेल ओतायचं नाही. ते फुप्फुसात उतरतं, आणि पोटशुळातून वाचलेली घोडी न्यूमोनियानं जाते. धनुर्वाताची लस दरवर्षी द्या, घोड्याइतकं त्या रोगाला लवकर बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. गोठ्यात गंजका खिळा, तार काही राहू देऊ नका.

गणेशपूरच्या भावाला एक सांगते. सोडलेली घोडी फुकट चरत नसते रे. ती उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशवीसकट शिळा भात खाते. पिशव्या आतड्यात गोळा होतात आणि वर्षा-दोन वर्षांनी पोट बंद पडतं. रात्री हायवेला गाडीपुढं आली तर गाडीवरचा माणूसही जातो. ज्यानं तिला सोडलंय त्याचा खर्च वाचत नाही, तो खर्च घोडी आणि रस्त्यावरचा एखादा परका माणूस भरतात. यात मी कुणाची भीड ठेवणार नाही.

वरातीचं गणित मी रोज करते. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पावसाळा तोंडावर आला की थांबतात. त्यापुढचे चार-पाच महिने घोडी बसून खाते. आणि वरातीची घोडी घडवावी लागते. डीजे, फटाके, लाइटच्या माळा, अंगाला झोंबणारी माणसं, या सगळ्यात न बुजणारी घोडी तयार व्हायला वर्ष जातं. त्यात तिला सांभाळणारा माणूस लग्नभर लगाम धरून उभा असतो. पोराची लाडकी घोडी तुम्ही त्या आवाजात न्याल का, हे तुम्हीच ठरवा.

कृष्णाकाठ_चिकोडी

ताईंचं म्हणणं सोळा आणे खरं. आमच्याकडं अंकलीत शितोळे सरकारांचे अश्व आहेत. माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी दरवर्षी ते अंकलीहून आळंदीला जातात, जवळजवळ ३०० किलोमीटर, चालत. पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या वेळेपासूनची ही सेवा. लोक रिंगणातली दौड बघतात आणि पायाखालची माती कपाळाला लावतात. त्या दौडीमागं वर्षभराचा खरारा, खुराक आणि सोबत चालणारी माणसं असतात, ते फारसं कुणाच्या नजरेत येत नाही. भाविकांनी वाटेत लाडू, पेढे, केळी भरवायचा आग्रह धरला की सांभाळणाऱ्यांचा जीव वर-खाली होतो. भक्तीनं भरवलं तरी घोड्याचं पोट तेवढंच राहतं.

एक भर घालतो. घोडं कळपातलं जनावर आहे, एकटं ठेवलं तर झुरतं. दुसरं घोडं परवडत नसेल तर निदान एक शेळी सोबत बांधा. म्हशी नजरेसमोर असल्या तरी फरक पडतो, फक्त खाणं वेगळं.

येळ्ळूरकर

ताई, काका, मनापासून आभार. मोनेन्सिनचं तर कुणीच सांगितलं नव्हतं, आज रात्री पेंडीच्या पोत्यावरचं वाचून काढतो. वडील ६८ वर्षांचे, गुडघे दुखतात. म्हशी आई बघते. तुम्ही विचारलेल्या ‘माणूस कोण’ला माझ्याकडं आत्ता उत्तर नाही.

तरी दोन शंका. घोडी किती वर्षं जगते? आणि पुढं-मागं घ्यायचं ठरलंच तर घेताना काय बघायचं?

टांगेवाल्याची_लेक

नीट सांभाळली तर २५ ते ३० वर्षं. म्हणजे सहा वर्षांची घेतली तर पोरगं तिशीत पोचेपर्यंत ती तुमच्या दारात असणार. मधे तो शिकायला पुण्याला जाईल, नोकरीला बेंगळूरला जाईल. वीस-बाविसाव्या वर्षानंतर पाठ खाली जाते, दात झिजतात, कडबा चावत नाही, मग भिजवून मऊ करून घालावं लागतं. बसायला उपयोग नाही, खाणं मात्र आधीपेक्षा महाग. म्हाताऱ्या घोडीला गिऱ्हाईक नसतं. याच वेळी लोक तिला रात्रीतून कुठंतरी सोडून येतात. जनावर असं टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या दंडाला कोण भिणार? माझ्याकडं वडिलांच्या वेळची एक होती, शेवटची काही वर्षं नुसती उभी राहून खायची. ते खाणं तिचं होतं, तिनं आमचं घर चालवलं होतं.

घेताना. विकणाऱ्यानं सांगितलेलं वय सोडा, दात बघा. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात. सहाव्या वर्षी खालच्या मधल्या दोन दातांवरचा काळा खड्डा झिजत आलेला दिसतो, सातव्याला त्यांच्या शेजारच्या दोन दातांवरचा, आठव्याला कडेच्या. बाजूनं बघितल्यावर दात पुढं तिरके आलेले असतील तर सहा वर्षं विसरा. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा, मान प्रत्येक पावलाला वर-खाली होत असेल तर पायात दुखणं आहे. चारी पाय उचलू देते का, तोंडात लगाम घेते का, पोरानं जवळ गेल्यावर कान मागं पाडते का, हे बाजारात नाही, विकणाऱ्याच्या घरी जाऊन सकाळी दाण्याच्या वेळी बघा.

आणि ग्लँडर्सची तपासणी. हे सोडू नका, तुमच्या घरात लहान पोरगं आहे. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, घोड्यासाठी त्यावर ना लस ना इलाज. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जातो, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्की तपासणी होते. रोग निघाला तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानुसार जनावराला मारावंच लागतं. अकलूजची घोडी म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात, राज्याची हद्द ओलांडून आलेली. येताना आरोग्य दाखला केला होता का, ते विचारा. कागद नसेल तर तपासणीचा निकाल हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ नका, आणि तोवर पोराला तिच्या नाकातोंडाशी जाऊ देऊ नका.

पोराची हौस खरी असेल तर शाळेआधी माझ्याकडं पाठवा. बसायला मिळेल, पण आधी लीद आणि खरारा. एक अख्खा पावसाळा येऊ दे त्याला. पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवते.