कॉनरेलचा अनुभव: बुडत्या रेल्वेचा भार कामगारांनी किती उचलावा?

रूळवाट (चर्चेचा प्रस्ताव)

२१ जून १९७० रोजी पेन सेंट्रल ही अमेरिकेतील बलाढ्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली. तोपर्यंतची ती त्या देशातील सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल या पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी स्पर्धा करत आलेल्या दोन कंपन्यांचे विलीनीकरण १ फेब्रुवारी १९६८ रोजी झाले होते, म्हणजे नव्या कंपनीला अडीच वर्षेही धड काढता आली नाहीत. ईशान्य अमेरिकेतील रेल्वेच्या या पडझडीची चर्चा निघाली की दोष प्रथम कामगार संघटनांच्या माथी मारला जातो, आणि पुढे सरकारने उभ्या केलेल्या कॉनरेल या कंपनीच्या रूपाने तीच रेल्वे सावरली त्याचे श्रेय मात्र केवळ सरकारी नियंत्रणे उठवण्याला दिले जाते. ही मांडणी मला अपुरी वाटते आणि अन्यायकारकही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहराशहरांमधल्या मालवाहतुकीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग रेल्वेकडे होता. १९७० च्या दशकात तो एक तृतीयांशाच्या आसपास उरला. दरम्यान १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायला घेतले होते. ट्रकमालकाला सार्वजनिक पैशातून बांधलेला रस्ता मिळाला (तो इंधनावर कर भरत होता, हे मान्य), तर रेल्वे कंपनी आपला मार्ग आपणच बांधून, आपणच राखून, वर त्या जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर भरत होती. दर वाढवायचा असो, उतरवायचा असो किंवा तोट्यातला शाखामार्ग बंद करायचा असो, १८८७ साली स्थापन झालेल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे जावे लागे आणि निकालाला अनेकदा वर्षे लागत. पेन सेंट्रलच्या विलीनीकरणाची बोलणी १९५७ मध्ये जाहीर झाली होती. अंतिम मार्ग मोकळा झाला तो १९६८ मध्ये. १९६७ साली टपाल खात्याने गाड्यांतून जाणारी बहुतेक टपाल काढून घेतली आणि प्रवासी गाड्यांचा उरलासुरला आधार गेला. यातले काहीही कामगार संघटनांनी घडवलेले नव्हते. विलीनीकरणानंतर दोन्ही कंपन्यांच्या संगणक यंत्रणा एकमेकींशी जुळल्या नाहीत, मालाचे डबे यार्डांत हरवू लागले, वरिष्ठ अधिकारी दोन तटांत विभागले गेले. तेही फलाटावरच्या किंवा इंजिनातल्या माणसाचे काम नव्हते.

सरकारने जे केले ते मोठे होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी स्वाक्षरी केलेल्या प्रादेशिक रेल्वे पुनर्रचना कायद्यानुसार पेन सेंट्रल, इरी लॅकवाना, रीडिंग, लिहाय व्हॅली आदी सहा दिवाळखोर कंपन्यांचे मार्ग १ एप्रिल १९७६ पासून कॉनरेलकडे आले. त्या कायद्यात कामगारांच्या संरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण होते. पुढे १९८१ मध्ये, कंपनी विकून टाकण्याचा विचार राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे प्रशासन करत असताना, संघटनांनी कॉनरेलशी करार करून उर्वरित रेल्वे उद्योगापेक्षा सुमारे १२ टक्के कमी वेतनावर तीन वर्षे काम करण्याचे मान्य केले. कर्मचाऱ्यांना कंपनीत १५ टक्के मालकी मिळाली. मार्च १९८७ मध्ये कॉनरेलचे समभाग बाजारात विकले गेले तेव्हा १.६ अब्जांहून अधिक डॉलर उभे राहिले, आणि तोपर्यंतची ती अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रारंभिक समभागविक्री ठरली. कामगारांनी वेतनाचा त्याग केला नसता, तर विकण्याजोगी कंपनी उरली असती का, हा माझा प्रश्न आहे.

अर्थजिज्ञासू

आपण इतिहास चांगला मांडला आहे, पण कालक्रम आपल्याच निष्कर्षाच्या विरुद्ध जातो. कॉनरेल १९७६ मध्ये सुरू झाली. सरकारने १९८१ पर्यंत तिच्यात तीन अब्जांहून अधिक डॉलर ओतले आणि एवढ्या काळात एकाही वर्षी नफा झाला नाही. पहिला, तोही किरकोळ, नफा १९८१ मध्ये दिसतो. मधल्या काळात काय बदलले? १४ ऑक्टोबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यामुळे रेल्वेला बहुतांश दर स्वतः ठरवण्याची आणि ग्राहकाशी थेट करार करण्याची मोकळीक मिळाली. पुढच्या वर्षी आलेल्या ईशान्य रेल्वे सेवा कायद्याने तोट्यातले मार्ग झटपट बंद करण्याची वाट खुली केली आणि १९८३ च्या आरंभापासून उपनगरी प्रवासी वाहतूक कॉनरेलकडून काढून राज्यांच्या संस्थांकडे सोपवली. वेतनकपातीने हातभार लावला असेल, परंतु दर ठरवण्याचे स्वातंत्र्य नसते तर ती कपातही तोट्याच्या खड्ड्यात गेली असती.

कामगार संघटनांचा दोष नव्हता, हे तर मला मुळीच पटत नाही. वाफेच्या इंजिनात कोळसा घालणारा फायरमन १९३७ च्या करारामुळे डिझेल इंजिनातही बसत राहिला, जिथे कोळसाच नव्हता. मालकांनी १९५९ मध्ये हा प्रश्न काढला. त्यावर राष्ट्राध्यक्षांचा आयोग बसला, वाटाघाटी झाल्या, देशव्यापी संपाची वेळ आली, आणि अखेर ऑगस्ट १९६३ मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) सक्तीच्या लवादाचा कायदा करावा लागला. त्या लवादाने मालगाड्या आणि यार्डांतील ९० टक्के फायरमनची पदे कमी करण्याची मुभा दिली. मालगाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी शंभर मैल म्हणजे एक दिवसाचे काम, हे वाफेच्या काळातले माप तर १९८० च्या दशकापर्यंत टिकले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पेन सेंट्रलच्या विलीनीकरणाला असलेला विरोध मागे घेण्याच्या बदल्यात संघटनांनी १९६४ मध्ये कामगारांसाठी आजीव नोकरीची हमी मिळवली. खर्च कमी करण्यासाठी विलीन होणाऱ्या कंपनीने खर्च कमी न करण्याचे वचन आधीच दिलेले होते. आपण दिलेल्या कारणांच्या यादीत याचा उल्लेखही नाही.

कामगारवार्ता

१९६४ च्या कराराविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो करार संघटनांनी बंदुकीच्या धाकाने करवून घेतलेला नव्हता. विलीनीकरणातून होणारी बचत एवढी मोठी असेल की कामगारांना दिलेले संरक्षण तीत सहज सामावेल, असा हिशेब स्वतः संचालकांनी मांडला होता. हिशेब चुकला. तो चुकवणाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तिवेतन यांविषयी कोणी वाद घालत नाही, आणि वीस वर्षे यार्डात घालवलेल्या माणसाला मिळालेली हमी मात्र अतिरेक ठरते.

फायरमनच्या प्रश्नातही इंजिनात दोन माणसे असावीत की एक, हा सुरक्षिततेचा प्रश्न होता आणि तो आजही मिटलेला नाही. त्या काळच्या संघटनांनी जुन्या पदांना अट्टहासाने कवटाळले, हे मी नाकारणार नाही. पण १९५० मध्ये बारा लाखांहून अधिक माणसे अमेरिकी रेल्वेत काम करत होती आणि १९८० पर्यंत पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे मोठ्या, रेल्वे कंपन्यांत साडेचार लाखांच्या आसपास उरली. कामगार कपातीला कुठेच तयार नव्हते, असे या आकड्यांवरून कसे म्हणता येईल? ही कपात झाली ती मुख्यतः निवृत्ती, भरपाई आणि सेवाज्येष्ठतेच्या वाटेने, कारण संघटना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या होत्या. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वाट्याला १९८२ नंतर जे आले, ते पाहिलेल्या माणसाला अशा संरक्षणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

न्यायपक्ष

भरपाई योग्य होती, हे एकवेळ मान्य केले, तरी ती कोणाच्या खिशातून द्यायची, हा प्रश्न आपण सारेच टाळत आहोत. १९७४ च्या कायद्यातील संरक्षण फार उदार होते: पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या कामगाराला वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत मासिक भत्ता मिळू शकत होता. त्यासाठी केंद्र सरकारने २५ कोटी डॉलरची तरतूद केली होती आणि ती अपेक्षेपेक्षा फार लवकर संपली. म्हणूनच १९८१ मध्ये ही योजना बदलून प्रत्येक कामगारामागे २० हजार डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली.

रॉक आयलंडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९७५ पासून दिवाळखोरीत असलेल्या या रेल्वेत ऑगस्ट १९७९ मध्ये वेतनाच्या वादावरून संप झाला. दुसऱ्या संस्थेमार्फत गाड्या चालवून पाहण्यात आल्या, आणि मार्च १९८० च्या अखेरीस त्या कायमच्या थांबल्या. काँग्रेसने त्या एकट्या कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांना साडेसात कोटी डॉलरपर्यंत देण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो रद्द केला, कारण राज्यघटनेनुसार दिवाळखोरीचे कायदे देशभर एकसारखे असले पाहिजेत. एका कंपनीच्या धनकोंपुरता वेगळा नियम करता येत नाही. समाजाला कामगारांचे संरक्षण हवे असेल, तर त्याने ते सार्वजनिक तिजोरीतून उघडपणे द्यावे. ज्यांनी विश्वासाने कर्ज दिले त्यांच्या हिश्श्यातून ते काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही.

रूळवाट

अर्थजिज्ञासू, स्टॅगर्स कायद्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. त्याच्यावाचून कॉनरेल उभी राहिली नसती, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की, तो कायदा झाला त्याच वर्षी रॉक आयलंड बुडाली आणि कॉनरेल तगली, या फरकाचे उत्तर केवळ दरस्वातंत्र्यात सापडत नाही. कॉनरेलकडे सरकारचा पैसा होता, कामगारांशी झालेला करार होता आणि १९८१ पासून स्टॅन्ली क्रेन यांच्यासारखा रेल्वेतच घडलेला प्रमुख होता. १९८५ मध्ये वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांनी कॉनरेल नॉरफोक सदर्नला विकायचे ठरवले, तेव्हा ते पाऊल काँग्रेसने रोखले. त्यामुळेच कंपनी एका स्पर्धकाच्या घशात न जाता समभागधारकांच्या हाती गेली आणि कर्मचाऱ्यांचा हिस्साही टिकला. पुढे १९९९ मध्ये ती नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांत वाटली गेलीच, पण तेव्हा तिचे मोल दहा अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले होते.

पूर्वकिनारा

मी गेली अनेक वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो. जुन्या रेल्वे गावांतून फिरताना या चर्चेत न आलेली एक बाजू जाणवते: सावरलेल्या उद्योगात कामगाराचे स्थान काय उरले? १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्यानुसार संप करण्याआधी मध्यस्थी, प्रतीक्षाकाळ, राष्ट्राध्यक्षांचे आपत्कालीन मंडळ असे टप्पे पार करावे लागतात, आणि शेवटी काँग्रेस कायदा करून करार लादू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये तेच घडले. बारा संघटनांपैकी चार संघटनांच्या सदस्यांनी करार फेटाळला होता. त्यांची मुख्य तक्रार पगाराची नव्हतीच. पाच वर्षांत २४ टक्के वाढ त्यांना मिळतच होती. आजारी पडल्यावर पगारी रजा मिळावी, एवढीच मागणी होती. सात दिवसांच्या रजेचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत झाला, पण सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मते पडूनही आवश्यक ६० चा आकडा गाठता आला नाही. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २ डिसेंबर रोजी रजेविना कराराच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

या वेळी उद्योग बुडत नव्हता. मोठ्या कंपन्या विक्रमी नफा मिळवत होत्या आणि आदल्या सहा वर्षांत त्यांनी जवळपास ३० टक्के मनुष्यबळ कमी केले होते. १९८१ मध्ये कामगारांनी रेल्वे वाचवण्यासाठी वेतन सोडले. २०२२ मध्ये त्याच उद्योगाने आजारपणाच्या पगारी रजेची मागणीही मान्य केली नाही. अनेक कंपन्यांनी २०२३ मध्ये संघटनांशी वेगवेगळे करार करून पगारी रजा मान्य केली, याचा अर्थ ती आधीही परवडत होतीच.

अर्थजिज्ञासू

रजेच्या बाबतीत आपण म्हणता ते मला मान्य आहे, आणि तिथे कंपन्यांनी अदूरदर्शीपणा दाखवला. परंतु आजच्या नफ्यावरून १९७० च्या दशकातील मागण्या योग्य ठरवता येणार नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने बहुतेक गाड्यांत किमान दोन कर्मचारी असावेत, असा नियम केला. त्यामागे सुरक्षिततेचा पुरावा किती आणि पदे टिकवण्याची इच्छा किती, यावर आपण आकडे घेऊन बोलू. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे रुळावरून घसरलेल्या गाडीत तीन कर्मचारी होते, आणि अपघाताचे कारण एका डब्याचे तापलेले बेअरिंग होते.

कामगारवार्ता

बेअरिंग तापते ते तपासणीला माणूस आणि वेळ कमी पडला म्हणूनही. इंजिनात किती जण होते, एवढ्याने तो प्रश्न निकाली निघत नाही. यार्डात डबा तपासायला कितीजण होते आणि त्यांना किती मिनिटे मिळत होती, तेही मोजावे लागेल.