पोर्सिलेनच्या थाळीचा जुना सांधा पिवळा पडलाय, उघडू का?

प्रश्न (नागपूरकर)
निळ्या-पांढऱ्या चिनी थाळीचे तीन तुकडे पूर्वी कुणीतरी जोडलेत. सांध्यावर पिवळट-तपकिरी रेघ उमटलीय, एका टोकाला नख अडकतं. काठाला सोनेरी पट्टी आहे. जुना गोंद कोणता हे कसं ओळखायचं? नव्याने कशाने जोडू?

चपडा
अंधारात यूव्ही टॉर्च मारा. केशरी चमकलं तर चपडा (लाखेपासून केलेला जुना गोंद), निळसर-पांढरं दिसलं तर बहुधा इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद). मग मागच्या बाजूने एसिटोनचा बोळा पाच-दहा मिनिटं ठेवा. चिकट झालं तर सेल्युलोज नायट्रेट (ट्यूबमधला पारदर्शक गोंद) किंवा पीव्हीए (फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद), म्हणजे निम्मं काम झालं. जुना चपडा स्पिरिटमध्ये नुसता फुगतो, पूर्ण विरघळत नाही, कारण काळानुसार त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. तो लाकडी काडीनेच काढायचा. इपॉक्सीही एसिटोनमध्ये विरघळत नाही, फार तर मऊ पडतं. सोनेरी पट्टी झिलईवर कमी आचेत भाजलेली असते, तिथे बोळा घासू नका. खिडकी उघडी, जवळ ज्योत नको.

बी_७२
जोडायला पॅरालॉइड बी-७२, म्हणजे एसिटोनमध्ये विरघळणारं अॅक्रिलिक रेझिन. ५० ग्रॅम दाणे जाळीच्या कापडात बांधून ५० ग्रॅम एसिटोनमध्ये लटकवा, तळाशी टाकले तर गोळा होतो. हे फारसं पिवळं पडत नाही आणि पुन्हा एसिटोनने सुटतं.

थंड_सांधा
नागपुरात? बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ होतं. त्यात पोर्सिलेन पाणीसुद्धा शोषत नाही, त्यामुळे एसिटोनला बाहेर पडायला फक्त सांध्याची कड. आत अडकलेलं एसिटोन ते तापमान आणखी खाली आणतं. मे महिन्यात बंद कपाटात उभी ठेवलेली थाळी स्वतःच्या वजनाने सरकेल. त्याच जातीचं बी-४४ साठ अंशांपर्यंत तग धरतं, म्हणून उष्ण भागात दोन्ही मिसळून वापरतात.
थाळीचा सांधा बारीक असेल तर मी हेक्स्टल एनवायएल-१ हे पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घेईन. तीन भाग रेझिन, एक भाग हार्डनर, वजनाने, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. अंदाजाने घातलेला जास्तीचा हार्डनर पुढे पिवळेपणा आणतो. आधी तुकडे कोरडेच टेपने घट्ट बसवा, मग सुईने सांध्यावर थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. पक्कं व्हायला आठवडा लागतो, तोवर हात लावू नका. बाजारातलं पाच मिनिटांचं इपॉक्सी मात्र नकोच, ते काही वर्षांतच पिवळं पडतं.

बी_७२
मान्य, पण हेक्स्टल उघडणं कठीण. आधी कडांना बी-७२ चा पातळ, ५ टक्क्यांचा हात द्या, म्हणजे पुढे एसिटोनला वाट मिळेल. थर जाड झाला तर तिसरा तुकडा बसणार नाही.