चौदा टीम म्हणजे चौदा जणांनी हाकलला?

शिकागोकर: काल बाळ्याने लिहिलं की बेसबॉलवाल्या एडविन जॅक्सनचा अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त, १४ टीमकडून खेळण्याचा रेकॉर्ड म्हणजे "१४ जणांनी हाकललेला पिचर" (बॉल टाकणारा), तेव्हापासून डोकं फिरलंय. अरे, हाकललेल्याला पुढचा बोलावतो का? २००३ ला विसाव्या वाढदिवशी पहिली मॅच, समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर, आणि पोरगं जिंकलं. २०११ ला एकाच दिवसात व्हाइट सॉक्सकडून ब्लू जेज आणि तिथून लगेच कार्डिनल्स, आणि त्याच सीझनला कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, मारली. २०१९ ला चौदावी टीम कुठली, तर तेच ब्लू जेज, ज्यांच्याकडून २०११ ला एकही मॅच खेळला नव्हता.

बाळ्या_सोलापूर: लिहिलं, आणि मागे घेणार नाही. पिचर म्हणून त्याच्या खात्यावर १०७ विजय, १३३ पराभव, ईआरए (दर ९ इनिंगमागे, म्हणजे एका मॅचमागे, पिचरच्या खात्यात धरलेले रन) ४.७८. शिकागो कब्सनी ४ वर्षांचे ५.२ कोटी डॉलर मोजले आणि पहिल्याच सीझनला १८ मॅच हरला.

अस्मिता_ह्यूस्टन: आणि नो-हिटर? जून २०१०, डायमंडबॅक्सकडून खेळताना रेजविरुद्ध, त्याच्याच जुन्या टीमविरुद्ध. पहिल्या ३ इनिंगमध्ये ७ वॉक (चार खराब बॉल टाकले की बॅटरला फुकट मिळणारा बेस), तिसऱ्यात एकही आउट नाही आणि तिन्ही बेस भरलेले, तरी शेवटपर्यंत एक हिट दिली नाही. १-० जिंकले. तरी पुढच्याच महिन्यात डायमंडबॅक्सनी त्याला दुसऱ्या टीमला ट्रेड केला, यात त्याचा काय दोष?

क्रीडाबाप: १४९ पिच (बॅटरला टाकलेले बॉल) टाकायला लावले त्या दिवशी, टाळ्या कसल्या वाजवताय! माझा मुलगा १२ वर्षांचा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये त्या वयाला दिवसाला ८५ पिचची मर्यादा, पण तो दुसऱ्या लीगमध्येही खेळतो आणि दोन्हीकडचे पिच एकत्र कुणी मोजतच नाही. सोमवारी सकाळी दुधाचा ग्लास उचलेना, कोपर धरून ओट्याशी उभा.

अस्मिता_ह्यूस्टन: वाईट झालं, पण १२ वर्षांचं पोर आणि २६ वर्षांचा प्रोफेशनल एका मापाने कसा मोजता? त्यानंतर ९ वर्षं टाकत होता तो.

क्रीडाबाप: एकाचा हात टिकला म्हणून सगळ्यांचा टिकतो का? रात्री दोनला पोराच्या कोपराला बर्फ लावत बसा, मग बोला.

अस्मिता_ह्यूस्टन: मला काय पोरं नाहीत? उगाच अंगावर येऊ नका.

बाळ्या_सोलापूर: विषय कुठे चाललाय. बरं, "हाकलला" हा शब्द चुकला, घेतो मागे. वडिलांच्या बदल्यांपायी आम्ही ७ शाळा बदलल्या, त्यांना कुणी असं म्हटलं असतं तर मीही भांडलो असतो. पण चांगला पिचर म्हणणार नाही, १३३ म्हणजे १३३.

शिकागोकर: १३३ हरायला तेवढ्या वेळा बॉल हातात कुणीतरी दिला ना?

क्रीडाबाप: शनिवारी मॅच आहे. वही घेऊन बसणार, ६० पिच झाले की मी स्वतः मैदानात जाऊन पोराला घेऊन येणार, कोचला काय वाटायचं ते वाटू दे.