मदत हवी आहे : चित्रातील नजर आणि बाजूने पाहणारा प्रेक्षक
व्यक्तिचित्रातील डोळे आपण जाऊ तिकडे वळल्यासारखे वाटतात, या भासाबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वोलास्टन यांनी 1824 मध्ये दाखवून दिले, की रेखाटलेले डोळे तेच ठेवून खालचा नाक-हनुवटीचा भाग वेगळ्या दिशेला वळलेला जोडला, तर नजरेची दिशाही बदललेली दिसते. म्हणजे केवळ बुबुळांच्या जागेवरून ती ठरत नाही. इथवर समजते.

अडचण पुढे आहे. सपाट चित्र बाजूने पाहिले तरी चेहरा फारसा चेपलेला वाटत नाही, कारण पृष्ठभागाचा तिरकेपणा जमेस धरून मेंदू दुरुस्ती करतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मग चित्रकार हान्स होल्बाइन यांच्या 1533 च्या ‘राजदूत’ या चित्रातील ती लांबट, तिरकी कवटी (समोरून ती कवटी आहे हेसुद्धा चटकन कळत नाही) उजव्या कडेजवळून पाहताच नीट आकारात कशी येते? तिथे हीच दुरुस्ती आड का येत नाही? चौकटीकडे दुर्लक्ष होते म्हणून, की कवटीचा आकार आपल्या ओळखीचा असतो म्हणून? एक डोळा मिटून पाहिल्यास काय फरक पडतो, हे कोणी तपासले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. ‘मेंदू फसतो’ एवढेच उत्तर मला अपुरे वाटते.