बायकांनी बनवलेल्या डॉक्युमेंटरी सोसायटीत दाखवायच्यात, सुरुवात कशाने करू?

वाचनालयवाली
आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर महिन्याला एका रविवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा लावतो, प्रोजेक्टर एका काकांचा आणि पडदा म्हणजे पांढरी चादर, पण चाललंय. आता आम्हा चौघीजणींच्या डोक्यात आलंय की पुढचे काही महिने फक्त बायकांनी बनवलेल्या डॉक्युमेंटरी लावायच्या. प्रॉब्लेम असा की डॉक्युमेंटरी म्हटलं की निम्मी जनता मोबाइल काढते. कार्तिकी गोन्साल्विसची 'एलिफंट व्हिस्परर्स' सगळ्यांना आवडेल हो, पण दरवेळी हत्तीचं पिल्लू कुठून आणायचं? तासाभराच्या आतलं काहीतरी सुचवा, मराठी असेल तर सोन्याहून पिवळं. आणि नेटफ्लिक्सवरचं लावलं तर चालतं का, की सेक्रेटरी उगाच घाबरवतायत?

भरदुपार
'मोलकरीण' लावा, डोळे झाकून. 1981ची, जेमतेम 25 मिनिटांची, दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर ग्रुपची. अहो पुण्याचीच गोष्ट आहे, 1980मध्ये इथल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि फिल्ममध्ये पगार, सुट्टी, मालकिणीची वागणूक हे सगळं त्या बायकाच बोलतात, वरून कोणी शहाणपणा शिकवत नाही. त्याच ग्रुपची निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरची फिल्मही छोटीच आहे, दोन्ही एकाच संध्याकाळी होतील.

कट्टेकरी
कोथरूडच्या सोसायटीत 'मोलकरीण'?? पहिल्याच महिन्यात क्लब बंद पाडायचाय का :D आधी पारोमिता व्होरांची 'क्यूटूपी' (2006) लावा, मुंबईत-दिल्लीत बायकांना लघवीला जायला जागा कुठे मिळते एवढाच विषय, हिंदी-इंग्लिश आहे पण हसत हसत बघतात लोक आणि नंतर प्रत्येकीकडे स्वतःचा एक किस्सा असतोच. मग हळूच निष्ठा जैनची 'लक्ष्मी अँड मी' (2007), त्यात दिग्दर्शिकेने स्वतःच्याच घरी कामाला येणाऱ्या मुलीवर कॅमेरा धरलाय, म्हणजे मालकीणपण चौकटीबाहेर राहतच नाही. माझ्या मते ती जास्त बोचते.

जुनाप्रोजेक्टर
सेक्रेटरी अगदीच चुकीचे नाहीत. नेटफ्लिक्सचं सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं. त्यांच्या स्वतःच्या काही डॉक्युमेंटरींना शैक्षणिक स्क्रीनिंगची परवानगी असते, तिकीट न लावता, पण त्या ठरावीकच आहेत, आधी त्या फिल्मच्या माहितीत बघून घ्या. बाकीच्यांसाठी सरळ दिग्दर्शिकेला मेल टाका, किती लोक, कुठे, फुकट की तिकीट हे स्पष्ट लिहा. थोडं मानधन काढता आलं तर काढा, फुकट मागायची आपल्याला फारच सवय आहे. आणि बाहेरच्यांना खुलं आमंत्रण देणार असाल तर सेन्सॉर सर्टिफिकेट आहे का तेही विचारा.

भरदुपार
@कट्टेकरी भांडण होऊ दे की, फिल्म त्यासाठीच असते. फक्त एक बघा, सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंना बोलवा, नाहीतर त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखं होईल. आणि वेळ त्यांनाच विचारा, संध्याकाळी त्यांची दुसरीकडची भांडी असतात. खुर्च्या आणि चहा त्यांच्या गळ्यात नको!

वाचनालयवाली
विचारलं. आमच्याकडच्या ताई म्हणाल्या दुपारी तीनला जमेल, आणि फिल्म कोणाची ते नाही विचारलं, 'पंखा आहे ना तिथे?' एवढंच. तर 'मोलकरीण' आधी, 'क्यूटूपी' पुढच्या महिन्यात, दोन्हीकडे मेल आज टाकते. चहा सेक्रेटरी करणारेत, त्यांना अजून कळवलेलं नाही.