पुलानंतरचं बेट

पूल झाला की बेट हातचं गेलं, मग किनारा झाडण्यापलीकडे काही उरत नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावर १९६३ साली पूल आला आणि बांधकामांची झुंबड उडाली. लोकांनी १९६७मध्ये संस्था काढली, जमिनी विकत घेऊन निसर्गासाठी राखल्या. १९७४ साली तर मतदान करून स्वतःची नगरपालिकाच आणली, म्हणजे किती घरं बांधू द्यायची हे तेच ठरवू लागले! आज निम्म्याहून जास्त बेट राखीव आहे.

किनाऱ्यावरचे दिवे कासवांच्या विणीच्या हंगामात झाकायलाच हवेत. कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात ती उजेडाकडे धावतात, आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात. पण आपल्याकडे पैसा आणि माणसं कमी असतील, तर आधी जमीन राखायची, दिवे नंतर.